तीच अक्षरं, दुसरा शब्द: इंटरव्ह्यूच्या एका प्रश्नाचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास

(आजच्या भागाचं हे लिखित रूप. इंग्रजी स्पेलिंगं नुसती ऐकून डोक्यात राहत नाहीत, म्हणून यावेळी एकेक अक्षर सुटं करून लिहिलंय. जवळ कागद-पेन असेल तर घेऊन बसा, नसेल तर फोनवरचं नोट्स ॲप चालेल.)



आजची सुरुवात माझ्या फजितीपासून. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, कॅम्पस प्लेसमेंट, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि पोटात गोळा. कंपनीचं नाव नको, पण प्रश्न सांगतो, कारण तुमच्यातल्या अर्ध्या लोकांनी तो कधी ना कधी ऐकलेला असणार. लीटकोडवर तो ४९ नंबरला आहे. शब्दांची एक यादी दिली आहे. ज्या शब्दांची अक्षरं तीच आहेत, फक्त क्रम वेगळा आहे, त्यांचे गट पाडून दाखव.

उदाहरणार्थ, लिसन आणि सायलेंट. एल-आय-एस-टी-ई-एन आणि एस-आय-एल-ई-एन-टी. तीच सहा अक्षरं. अशा जोडीला इंग्रजीत ॲनाग्राम म्हणतात.

मी छाती फुगवून सांगितलं, 'सर, एक शब्द घ्यायचा, त्याच्या अक्षरांच्या सगळ्या मांडण्या काढायच्या आणि दुसरा शब्द त्यात सापडतो का ते बघायचं.' समोरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, 'शब्द बावीस अक्षरांचा असला तर?' मी म्हणालो, 'चालेल सर, थोडा वेळ लागेल.'

त्या थोड्या वेळाचा हिशेब मी बसमध्ये घरी येताना केला. बावीस अक्षरं एकमेकांहून वेगळी असतील तर मांडण्या होतात ११२४ वर १८ शून्यं, एवढ्या. सेकंदाला एक अब्ज मांडण्या तपासणारं मशीन दिलं तरी लागतील सुमारे ३५ हजार वर्षं. नोकरी अर्थातच मिळाली नाही.

पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. नंतर कळलं की हा नुसता कोडिंगचा प्रश्न नाहीये. याच्यामागे भांडणं आहेत, चोरीचे आरोप आहेत, शनीची कडी आहेत, आणि अकरावी-बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकातला एक नियम आहे. आज तोच इतिहास.

आधी थोडी गंमत

इंग्रजी भाषेला या खेळाचं वेड आहे. डॉर्मिटरी म्हणजे होस्टेलची खोली. त्याची अक्षरं हलवली की होतं डर्टी रूम. होस्टेलला राहिलेल्यांना वेगळं समजावायला नको. ॲस्ट्रॉनॉमर हलवला की मून स्टेअरर, म्हणजे चंद्राकडे टक लावून बघणारा.

माझी सगळ्यात लाडकी जोडी गणितातली आहे. इलेव्हन प्लस टू आणि ट्वेल्व्ह प्लस वन. अकरा अधिक दोन, बारा अधिक एक. दोन्हींचं उत्तर तेरा. दोन्हींतली अक्षरंही तीच. आणि अक्षरं मोजलीत तर तीही तेरा! हे कुणी मुद्दाम घडवलेलं नाही, भाषेच्या पोटात पडून होतं. कुणाच्या तरी नजरेला पडलं, एवढंच.

आता लांब शब्दांकडे येऊ. एक बावीस अक्षरी शब्द आहे, कोलेसिस्टोड्युओडेनोस्टॉमी. पित्ताशय आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग एकमेकांना जोडायची शस्त्रक्रिया. त्याच अक्षरांचा दुसरा शब्द ड्युओडेनोकोलेसिस्टॉस्टॉमी. शस्त्रक्रिया तीच, फक्त नावात आतडं आधी आणि पित्ताशय नंतर.

या शब्दात ओ पाच वेळा येतो, आणखी सहा अक्षरं दोन-दोनदा येतात. त्यामुळे तीच ती मांडणी पुन्हा मोजली नाही, तर माझी इंटरव्ह्यूतली पद्धत ३५ हजार वर्षांवरून साडेचार वर्षांवर येते. म्हणजे बीटेक पूर्ण, आणि वर सहा महिने. तेही एकाच शब्दासाठी!

मग यातून सुटका कशी? उत्तर इतकं सोपं आहे की ऐकल्यावर स्वतःचाच राग येतो. मांडण्या काढायच्याच नाहीत. शब्दातली अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावायची. लिसन घ्या, क्रमाने लावा: ई, आय, एल, एन, एस, टी. सायलेंट घ्या, क्रमाने लावा: ई, आय, एल, एन, एस, टी. दोन्हींचा निकाल एकच. संपलं. बावीस अक्षरं अगदी बाळबोध पद्धतीने क्रमाने लावली तरी जास्तीत जास्त २३१ तुलना लागतात. साडेचार वर्षांचं काम डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

शब्द म्हणजे अक्षरं अधिक क्रम. क्रम फेकून दिला की जे उरतं ते सगळ्या भावंडांमध्ये सारखं असतं. जणू आडनाव. हे मी पाठ केलं आणि पुढच्या इंटरव्ह्यूसाठी तयार झालो. त्या इंटरव्ह्यूत काय झालं ते शेवटी सांगतो. मध्ये आपल्याला सतराव्या शतकातल्या लंडनला जायचंय, कारण अक्षरं क्रमाने लावायची ही युक्ती कॉम्प्युटरवाल्यांच्या कितीतरी आधी तिथे वापरली जात होती. आणि ती शोधण्यासाठी नाही, लपवण्यासाठी!

अक्षरांचं कुलूप

१६७६ साल. रॉबर्ट हूक हा माणूस लंडनच्या रॉयल सोसायटीत प्रयोगांचा प्रमुख. सोसायटीच्या बैठकांसाठी प्रयोग करून दाखवायचे, हे त्याचं काम. डोकं अफाट, स्वभाव तिखट. आणि त्या काळात तो भयंकर चिडलेला होता.

कारण घड्याळ. १६७५ मध्ये नेदरलंड्सच्या क्रिस्टियान हायगेन्सने जाहीर केलं की त्याने नागमोडी स्प्रिंगवर चालणारं घड्याळ शोधलंय. हूकचं म्हणणं, 'ही कल्पना माझी आहे, कितीतरी वर्षांपूर्वीची!' त्याला संशय होता की सोसायटीचा सचिव हेन्री ओल्डेनबर्ग याने इथल्या गोष्टी तिकडे पोचवल्या. हूकने लगेच टॉम्पियन नावाच्या कारागिराकडून घड्याळ बनवून घेतलं, राजाला दिलं, आणि त्यावर कोरलं की हूकने शोधलं १६५८ मध्ये, टॉम्पियनने बनवलं १६७५ मध्ये. पण १६५८ चा पुरावा काय? दाखवण्यासारखं हातात फार काही नव्हतं.

हे दुखणं आपल्याला नवीन नाही. मीटिंगमध्ये आपण कल्पना बोलून बसतो आणि महिन्याभराने ती दुसऱ्याच्या स्लाइडवर झळकते. आपण आज निदान म्हणू शकतो की माझा ईमेल बघा, तारीख बघा. हूककडे ईमेल नव्हता. पेच असा होता: कल्पना छापली तर कुणीही उचलेल, नाही छापली तर 'आधी मी' हे सिद्ध होणार नाही.

१६७६ च्या एका पुस्तकाच्या शेवटी थोडी जागा उरली, म्हणून हूकने पुढे जाहीर करायच्या काही शोधांची यादी तिथे टाकली. त्यातल्या एका ठिकाणी नुसती अक्षरं होती. सी, ई, तीन आय, एन, ओ, तीन एस, दोन टी आणि शेवटी दोन यू. एकूण १४ अक्षरं, एबीसीडीच्या क्रमाने लावलेली. वाचणाऱ्याला काय कळणार? कप्पाळ!

दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्याने उत्तर छापलं. लॅटिन वाक्य होतं: उट टेन्सिओ सिक व्हिस. म्हणजे जसा ताण, तसं बल. (लॅटिनमध्ये तेव्हा यू आणि व्ही एकच धरायचे, म्हणून दोन यू.) स्प्रिंग जितकी जास्त ताणाल तितक्याच प्रमाणात ती परत ओढेल. ओळखीचं वाटतंय ना? अकरावी-बारावीत ज्याच्यावर मार्क मिळवलेत किंवा घालवलेत, तो हूकचा नियम पहिल्यांदा जगासमोर आला तो असा, १४ अक्षरांच्या पुरचुंडीतून.

आता मजा बघा. इंटरव्ह्यूतलं माझं हुकलेलं उत्तर आणि हूकचं कुलूप ही एकच गोष्ट आहे. तेच अक्षरं क्रमाने लावणं. मग एकीकडे त्याने शब्द सापडतात आणि दुसरीकडे वाक्य लपतं, हे कसं?

फरक आपल्या हातात काय आहे याचा आहे. दोन्ही शब्द हातात असतील तर दोन्ही क्रमाने लावून जुळवता येतात. पण हातात फक्त क्रमाने लावलेली अक्षरं असतील तर मागे जायचा रस्ता नाही. शब्दावरून अक्षरांकडे जाणं म्हणजे कणीक मळणं. अक्षरांवरून शब्दाकडे येणं म्हणजे मळलेल्या कणकेतून पीठ आणि पाणी वेगळं काढणं. आज पासवर्ड साठवताना आपण हॅश वापरतो, त्यात हीच एका दिशेच्या रस्त्याची कल्पना आहे. फक्त तिथलं गणित फार पक्कं आहे.

गॅलिलिओची अक्षरं, केप्लरचा गोंधळ

हूक काही पहिला नव्हता. १६१० मध्ये गॅलिलिओला दुर्बिणीतून शनी तीन तुकड्यांचा दिसला. त्याने 'सर्वात उंचावरचा ग्रह मला तिहेरी दिसला' अशा अर्थाचं लॅटिन वाक्य घेतलं, त्याची ३७ अक्षरं कालवली आणि ती पत्रातून पाठवली. योहानेस केप्लर ती सोडवायला बसला. त्याने जिद्दीने अक्षरं जुळवून एक वाक्य काढलंही. अर्थ निघाला, मंगळाला दोन चंद्र आहेत!

साफ चूक. गॅलिलिओ शनीबद्दल बोलत होता. पण कमाल अशी की मंगळाला खरंच दोन चंद्र आहेत. ते सापडले १८७७ मध्ये, आसफ हॉल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाला. केप्लरचं उत्तर चुकलेलं असून बरोबर निघालं, ते सुद्धा अडीचशे वर्षांनी.

या कुलपाची खोट इथे दिसते. अक्षरं तीच ठेवून दोन वेगळी वाक्यं होऊ शकतात. म्हणजे एखादा लबाड माणूस आज काहीतरी अक्षरं टाकून ठेवेल आणि उद्या दुसऱ्याचा शोध बघून म्हणेल, 'अहो, माझ्या अक्षरांतून हेच निघतं!'

शनीचं कोडं सोडवलं त्याच हायगेन्सने, ज्याच्यावर पुढे हूक चिडला. आणि त्याने काय केलं असेल? १६५६ मध्ये ६२ अक्षरं छापली. सात ए, पाच सी, एक डी, पाच ई, असं करत क्रमाने. १६५९ मध्ये उत्तर दिलं: शनीभोवती एक पातळ, सपाट कडं आहे, ते त्याला कुठेही टेकलेलं नाही, आणि ते कललेलं आहे. गॅलिलिओने अक्षरं कालवली होती, तर हायगेन्स आणि हूक यांनी ती सरळ क्रमाने लावली. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. कालवण्यात कुठेतरी आपला हात दिसतो. क्रमाने लावलं की मूळ वाक्याची चालच पुसली जाते.

१६७६ च्याच ऑक्टोबरमध्ये आयझॅक न्यूटनने लायबनिझसाठी एक पत्र लिहिलं. ते पाठवलं ओल्डेनबर्गमार्फत. हो, तोच, ज्याच्या नावाने हूक बोटं मोडत होता. त्यात न्यूटनने आपल्या कॅल्क्युलसचा गाभा असाच बंद करून ठेवला. पण अक्षरं पुन्हा पुन्हा लिहायचा त्याला कंटाळा आला असावा, कारण त्याने आकडे घातले. ६ ए, मग पुढे १३ ई, ७ आय, अशा पद्धतीने. माझ्या प्रोग्रॅमर मित्रांनो, याला आज आपण रन-लेंग्थ एन्कोडिंग म्हणतो. बिचाऱ्याने ते हंसाच्या पिसाच्या लेखणीने केलं.

पुन्हा इंग्रजी शब्दांकडे

पुढे नियतकालिकं रुजली, शोध छापून मोकळं व्हायची सवय लागली, आणि शास्त्रज्ञांना या कुलपांची गरज उरली नाही. पण इंग्रजीत खेळ म्हणून ही अक्षरं जिवंत राहिली.

'ॲलिस इन वंडरलँड' लिहिणारा लुईस कॅरल यात पटाईत होता. त्याने विल्यम एवार्ट ग्लॅडस्टन या नावाची २१ अक्षरं फिरवली. बाहेर आलं, वाइल्ड एजिटेटर! मीन्स वेल. म्हणजे, चळवळ्या आहे बेफाम, पण मनाने चांगला! १८६८ च्या डिसेंबरात ग्लॅडस्टन ब्रिटनचा पंतप्रधान झाला. आज असा माणूस मीम बनवत बसला असता. आपण रील्स बघतो, तो एका पुढाऱ्याला उलटसुलट करून बघत होता.

अमेरिकेत १८८३ मध्ये कोडी सोडवणाऱ्यांनी चक्क संघटना काढली. तीच आज नॅशनल पझलर्स लीग म्हणून ओळखली जाते. मग १९६५ मध्ये दिमित्री बोर्गमन याचं 'लँग्वेज ऑन व्हेकेशन' हे पुस्तक आलं, आणि १९६८ मध्ये 'वर्ड वेज' हे त्रैमासिक सुरू झालं. पहिला संपादक बोर्गमनच. शब्दाचा अर्थ काय हा यांचा विषयच नव्हता. त्यात अक्षरं कोणती, किती, कुठल्या क्रमाने, एवढंच. हे त्रैमासिक २०२० पर्यंत चाललं. बावन्न वर्षं! आपल्याला तीन सीझनचा पॉडकास्ट चालवताना धाप लागते.

मग कॉम्प्युटर आला. १९८० च्या दशकात बेल लॅब्जचा जॉन बेंटली 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' नावाचं सदर लिहायचा. नंतर त्याचं पुस्तकही झालं. त्यात हाच प्रश्न आहे: डिक्शनरीतले सगळे ॲनाग्राम काढा. उत्तर म्हणजे तीन छोटे प्रोग्रॅम एकापुढे एक. पहिला प्रत्येक शब्दाची अक्षरं क्रमाने लावून त्याची खूण बनवतो. दुसरा सगळ्या खुणा क्रमाने लावतो, म्हणजे सारख्या खुणांचे शब्द शेजारी येतात. तिसरा शेजाऱ्यांना एका ओळीत बसवतो. बेंटलीने टॉम कारगिल याचं याहून सोपं वर्णन दिलंय: आधी असं लावा, म्हणत हात आडवा फिरवायचा, मग तसं लावा, म्हणत हात उभा फिरवायचा. बस!

म्हणजे हूकने जी क्रिया एका वाक्यावर केली, तीच बेंटलीने डिक्शनरीतल्या प्रत्येक शब्दावर केली. ज्याने लपवलं, त्यानेच सापडलं.

यातून एक नवी पंचाईत उभी राहिली. सगळेच ॲनाग्राम एका क्षणात मिळायला लागले, मग त्यातला भारी कोणता? बहुतेक जण म्हणतील सगळ्यात लांब. पण लांबी फसवी असते. कॉन्व्हर्सेशनॅलिस्ट्स आणि कॉन्झर्व्हेशनॅलिस्ट्स हे दोन १८ अक्षरी शब्द बघा. फक्त एका एस आणि व्हीने जागा बदलली आहे, बाकी सगळे जागच्या जागी. हायड्रॉक्सीडिऑक्सीकॉर्टिकोस्टेरॉन्स या २७ अक्षरी रसायनाच्या जोडीत तर शेवटचा एस उचलून मध्ये ठेवलाय, की झाला दुसरा शब्द! ही कारागिरी नाही, ही अटेंडन्सची प्रॉक्सी आहे.

मार्क डॉमिनस नावाच्या प्रोग्रॅमरने यावर सुंदर उपाय काढला. पर्ल भाषेवरचं त्याचं पुस्तक काहींना माहीत असेल. त्याने वेबस्टरच्या डिक्शनरीच्या १९३४ च्या आवृत्तीतल्या शब्दांची यादी घेतली. साधारण २ लाख ३४ हजार शब्दांची ती यादी आजही मॅकबुकच्या पोटात एका फाइलमध्ये असते. मग त्याने लांबीऐवजी वेगळं मोजलं: पहिल्या शब्दाचे कमीत कमी किती तुकडे केले म्हणजे ते हलवून दुसरा शब्द बनतो? मघाचा पित्ताशयाचा शब्द तीन तुकड्यांत होतो. कोलेसिस्टो, ड्युओडेनो, स्टॉमी. बावीस अक्षरं आणि तुकडे फक्त तीन. फुसका बार!

२०१७ मध्ये त्याने आपला निकाल जाहीर केला. पहिला नंबर: सिनेमॅटोग्राफर आणि मेगाकायरॉप्टेरन. पहिला म्हणजे कॅमेऱ्यामागचा छायाचित्रकार, दुसरा म्हणजे मोठी फळखाऊ वटवाघळं ज्या गटात येतात त्या गटातला प्राणी. दोन्ही शब्दांत १५ अक्षरं.

आता लिहून घ्या. सी-आय-एन-ई-एम-ए-टी-ओ-जी-आर-ए-पी-एच-ई-आर. आणि दुसरा, एम-ई-जी-ए-सी-एच-आय-आर-ओ-पी-टी-ई-आर-ए-एन. एकात दुसरा दिसतोय का? नाही दिसणार. मी पेनाने तपासलं. पंधरा अक्षरांचे चौदा तुकडे करावे लागतात. आर आणि ए ही एकच जोडी शेजारी टिकते, बाकी सगळे विखुरतात. बॅटमॅनच्या सिनेमाला छायाचित्रण करणाऱ्या माणसाच्या नावातच वटवाघूळ निघालं, असं म्हणा हवं तर.

ही जोडी भाषेत आधीपासून होती. माणसाच्या डोळ्याला ती सापडणं जवळपास अशक्य होतं, कारण ती फारच चांगली लपली होती. क्रम फेकून दिला तेव्हा कुठे ती दिसली.

नवरा आणि वानर

आता माझा दुसरा इंटरव्ह्यू. वेगळी कंपनी, प्रश्न तोच. मी प्रश्न संपायच्या आत म्हणालो, 'अक्षरं सॉर्ट करायची.' समोरच्या मॅडम हसल्या. आडनावावरून मराठी वाटत होत्या, आणि निघाल्याही. म्हणाल्या, 'उत्तर तयार आहे वाटतं. बरं, मला सांग, नवरा आणि वानर हे शब्द तुझ्या कोडला दिले तर?'

मी म्हणालो, 'वेगळे आहेत, मॅडम.'

'तुला की कोडला?'

मी गप्प. घरी येऊन चालवून बघितलं. कोड म्हणालं, ॲनाग्राम! कारण युनिकोडमध्ये काना ही वेगळी खूण आहे. नवरा म्हणजे न, व, र आणि काना. वानर म्हणजे व, काना, न आणि र. क्रमाने लावा, तंतोतंत तेच. पण आपल्या कानाला न-व-रा आणि वा-न-र ही एकच अक्षरं वाटतात का? नाही. मराठीत आपण 'रा' हे एक अक्षर धरतो. लहानपणी 'चिमा काय कामाची' उलटं वाचून बघायचो, तेव्हा 'मा' हा सबंध 'मा' म्हणूनच उलटायचा, काना आधी आणि म नंतर असं कुणी केलं नाही. क्ष तर बघायला एक, पण फोनच्या आत क, पायमोडी खूण आणि ष असे तीन तुकडे.

म्हणजे मी पाठ केलेलं उत्तर इंग्रजीच्या एका सवयीवर उभं होतं, की अक्षर म्हणजे एक सुटा ठोकळा. ही अट आहे हेच मला माहीत नव्हतं. मला 'काय' माहीत होतं, 'का' माहीत नव्हतं. (ताईला हा किस्सा सांगितला. ती म्हणाली, 'नवरा-वानर? प्रोग्रॅम बरोबर आहे.' भावजी तिथेच बसले होते.)

कुलूप कधी उघडायचं?

शेवटी पुन्हा हूक आणि न्यूटन. दोघांनी एकाच वर्षी आपापलं ज्ञान अक्षरांत बंद केलं. हूकने दोन वर्षांत स्वतः कुलूप उघडलं, सोबत स्प्रिंगांवरचे प्रयोग छापले. आज जगभरातली पोरं त्या नियमाला त्याच्या नावाने ओळखतात. न्यूटनने उघडायला फार वेळ लावला. लायबनिझने आपलं कॅल्क्युलस १६८४ मध्ये छापलं. न्यूटनचा त्यावरचा सविस्तर निबंध त्याच्या स्वतःच्या पुस्तकातून आला १७०४ मध्ये. मग 'आधी कोण' यावरून असं भांडण पेटलं की रॉयल सोसायटीला समिती नेमावी लागली. निकाल न्यूटनच्या बाजूने लागला, आणि सोसायटीचा अध्यक्ष कोण होता? न्यूटनच. त्याच्या त्या आकड्या-अक्षरांनी 'मला माहीत होतं' एवढं दाखवलं, पण लायबनिझला त्यातून शिकता काहीच आलं नाही.

हूकनेही सगळी कुलपं उघडली नाहीत. त्याच यादीत कमानीबद्दलचं एक कोडं होतं. त्याचं उत्तर छापून आलं १७०५ मध्ये, हूक १७०३ मध्ये गेल्यानंतर. उत्तर असं: लवचीक साखळी जशी लोंबते, तशीच उलटी करून कडक कमान उभी राहील. इतकी सुंदर गोष्ट जवळपास तीस वर्षं एबीसीडीच्या क्रमात पडून होती.

मी दुसऱ्या इंटरव्ह्यूत 'सॉर्ट' म्हणालो तेव्हा माझ्याकडेही फक्त बंद कुलूपच होतं. उत्तर माझ्याजवळ होतं, पण उघडून दाखवता आलं नाही. ती नोकरीही गेली. तिसऱ्या ठिकाणी मी उत्तराआधी विचारलं, 'अक्षर म्हणजे नेमकं काय धरायचं?' तिथे मी आज काम करतो.

तुमच्यासाठी गृहपाठ. नवरा-वानरसारखी अशी एक मराठी जोडी शोधा, जी फोनला सारखी वाटेल आणि आपल्या कानाला नाही. आणि दुसरी अशी, जी दोघांनाही सारखी वाटेल. पुढच्या भागात सगळ्यात भारी जोड्या वाचून दाखवतो. तोवर काळजी घ्या, आणि कुणी मीटिंगमध्ये तुमची कल्पना उचलली तर १४ अक्षरं लिहून ठेवण्यापेक्षा सरळ ईमेल करा.

भेटू!